नाडी न लागलेला पाय

"सिस्टर, तुम्हाला पट्ट्या बांधायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही. तुमच्या लोकांना चार बुकं शिकवली, की लगेच डॉक्टर व्हायचं असतं."

बुलढाण्यातल्या एका खाजगी दवाखान्यात, भर वॉर्डात, मोठे सर मला हे बोलले. सोबतचे ज्युनिअर हसले. 'तुमच्या लोकांना' म्हणजे कोणत्या जातीला, ते सगळ्यांना कळलं. मी एवढंच म्हणाले होते, "सर, यांच्या डाव्या पायाची नाडी लागत नाही. पाय गार आहे."

पाय गफूरचाचांचा. धामणगाव बढ्याचे टेलर. साखरेच्या आजाराने तळवे बधिर झालेले. खाली पडलेली सुई तळव्यात शिरली, तर दोन दिवस पत्ताच नाही; तिथेच जखम चिघळलेली. मी पहिल्यांदा पायाला हात लावला तेव्हा त्यांनी पाय ओढून घेतला. "नको बेटी. बेटीनं पायाले हात नाही लावायचा." मी हसून पाय पुन्हा पुढे घेतला. पावलावर दोन बोटं ठेवली. उजव्याची नाडी लागली. डाव्याची नाही, म्हणजे रक्त खाली पोचत नव्हतं. अंगठा टोकाला काळवंडत होता.

सरांनी लांबूनच पेनाने जखम दाखवली. पेनाच्या टोकाला नाडी लागत असेल तर मला माहीत नाही. "साधी जखम आहे. रोज ड्रेसिंग करा."

आणि मी गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून घाबरले. रोज सकाळी ते काळं वर सरकलेलं बघितलं आणि माझ्याच हातांनी पांढऱ्या पट्टीखाली झाकलं. चाचा विचारायचे, "बेटी, दुरुस्त होऊन राह्यला ना पाय?"

"हो चाचा."

सोबत येणाऱ्या त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन 'दुसरीकडे दाखवा' म्हणायला मला कितीसा वेळ लागला असता?

शेवटी त्यांना मोठ्या शहरात हलवलं. पाय गुडघ्याखाली कापला.

नंतर मी गावी जाऊन भेटले. शिलाई मशीनवर चादर टाकलेली. चाचा बाजेवर.

"तुले मालूम होतं काय, बेटी?"

"हो. पहिल्याच दिवशी."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. सरांनी केलेला अपमान मी एखादवेळी विसरेन. 'हो चाचा' म्हटलेलं विसरता येत नाही.

परवा पिंपळगाव राजाच्या एक बाई आल्या. टाचेला जखम. पाय गार. सर दारातूनच म्हणाले, "बांधून टाका."

"नाही बांधणार, सर. आधी नाडी बघा. हात लावून."

मी केसपेपरवर माझ्या अक्षरात लिहिलं, 'उजव्या पायाची नाडी लागत नाही.' खाली सही केली. बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

"उद्यापासून येऊ नका," सर म्हणाले.

"उद्याचं उद्या, सर. तुम्ही हात लावेपर्यंत हा पाय मी झाकणार नाही."