मेश्रामांचं पहिलं ‘नाही’

प्रल्हाद मेश्राम सांगायचे, की डॉक्टरांमुळे आपण डिस्क गोल्फ खेळायला लागलो. खरं म्हणजे ते त्यांच्या सभ्यपणामुळे खेळायला लागले.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज तीन मैल चालायला सांगितलं. मेश्राम मूळचे नागपूरचे. नेपरव्हिलला राहायचे आणि पुलांचे नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत काम करायचे. घराजवळ एक सार्वजनिक पार्क होतं, ओक आणि मेपलच्या झाडांनी गच्च भरलेलं, मधून एक ओढा. इस्त्रीची पँट, आत खोचलेला शर्ट आणि ऑफिसचेच काळे बूट अशा थाटात ते तिथे सकाळी फिरत. झाडांमध्ये ठिकठिकाणी लोखंडी खांब होते. खांबाला वरून साखळ्या लोंबत आणि खाली जाळीची टोपली. ही कचऱ्याची सोय असणार, असं मेश्रामांनी ठरवून टाकलं होतं. साखळ्या कशाला हे काही कळलं नव्हतं. पण या देशात प्रत्येक गोष्टीला थोडं जास्तीचं लोखंड लावतात, हा त्यांचा अनुभव होता. दोनदा त्यांनी त्या टोपलीत केळ्याची सालंही टाकली होती.

एके दिवशी झाडांमधून एक लाल ताटली सुंऽऽ करत आली आणि एका टोपलीच्या अलीकडे, मेश्रामांच्या पायाशी पडली. कुणाची तरी वस्तू पडली म्हटल्यावर ती पोचवायलाच हवी. त्यांनी ती उचलली, रुमालानं स्वच्छ पुसली, आली त्या दिशेनं शंभरेक पावलं चालत गेले आणि मालकाच्या हातात ठेवली.

मालक होता वॉल्ट. साठीचा, पोस्टातून निवृत्त झालेला, पोट सुटलेला माणूस. त्यानं आधी ताटलीकडे बघितलं, मग मेश्रामांकडे.

“अकरा वर्षांत इतकी चांगली फेक मला जमली नव्हती,” तो म्हणाला. “आणि तू ती पुसून आणून दिलीस.”

“यू आर वेलकम,” मेश्राम म्हणाले.

वॉल्ट हसला तो खाली बसेपर्यंत हसला. मग उठून त्यानं मेश्रामांना खेळ समजावून सांगितला. ठरलेल्या जागेवरून ताटली फेकायची, पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. अशा अठरा टोपल्या. “केळ्याची सालं टाकणारा तूच का?” त्यानं शेवटी विचारलं. मेश्राम ओढ्याकडे बघत राहिले.

वर्षभरात मेश्राम बऱ्यापैकी तयार झाले. लांबची फेक मात्र नेहमी झाडात. कुठल्या झाडात, याला काही नियम नव्हता. पण टोपली पंधरा पावलांच्या आत आली, की हा माणूस चुकत नसे. आयुष्यभर पट्टी ठेवून रेघा मारलेल्या, तो हात तिथे कामाला येई. ताटली साखळ्यांवर आदळून छन्न आवाज झाला, की ते इकडेतिकडे बघून घेत. कुणी नसलं तर थोडंसं हसत.

शहाऐंशीच्या सप्टेंबरात, पहिल्या शनिवारी, पार्कात जोड्यांची स्पर्धा होती. वॉल्टचा नेहमीचा जोडीदार मुलाकडे फ्लोरिडाला राहायला गेला होता. मेश्रामांना ही बातमी जूनमध्येच कळली आणि तेव्हापासून त्यांना रात्री नीट झोप लागेना. शाळेत कुठल्याही खेळात त्यांना कधी कुणी आपल्या बाजूला घेतलं नव्हतं. ते गुण मांडायला बसत. कॉलेजात पाण्याची घागर सांभाळली. वयाची सत्तेचाळीस वर्षं झाली, पण ‘तू आमच्यात ये’ असं कुणी म्हटलं नव्हतं. वॉल्ट म्हणेल, अशी त्यांची खात्री होती.

आणि वॉल्ट म्हणाला. ऑगस्टमधल्या एका सकाळी सातव्या टोपलीपाशी तो सहज म्हणाला, “प्राल, स्पर्धेत माझ्याबरोबर खेळशील?”

मेश्रामांनी हातातली ताटली रुमालानं पुसायला घेतली. “नो, नो,” ते म्हणाले. “मी कुठला एवढा चांगला! तुला दुसरा कुणीतरी चांगला मिळेल.”

“ओके,” वॉल्ट म्हणाला. “हरकत नाही.”

आणि पुढच्या टोपलीकडे चालू लागला.

मेश्राम तिथेच उभे राहिले. वॉल्ट आता वळेल, मग वळेल, असं करता करता तो आठवी, नववी, दहावी करत अठराव्या टोपलीपर्यंत खेळून गाडीत बसून निघूनही गेला.

“म्हणजे तुम्ही नाही म्हणालात,” घरी त्यांची बायको सुमित्रा म्हणाली. ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती आणि तिला प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट हो किंवा नाही असा हवा असे.

“नाही म्हणालो, पण तसं नाही म्हणालो.”

“मग कसं म्हणालात?”

“आपण म्हणतो तसं.”

“अहो, त्याला काय ठाऊक आपण कसं म्हणतो ते?”

“एकदा विचारून सोडून देतात का कुणी? दोनदा तरी विचारायला नको? चौदा एप्रिलला जयंतीच्या जेवणात मी गुलाबजाम नको म्हटलं, तर पाच जणांनी धरून वाढले मला!”

“म्हणून तर साखर निघाली.”

त्यांची बारा वर्षांची मुलगी रुपाली दुधात सीरियल घालून खात होती. “डॅड, जस्ट टेल हिम यू वॉन्ट टू प्ले,” ती म्हणाली.

मेश्रामांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिनं जणू त्यांना लुंगीवर ऑफिसला जायला सांगितलं होतं. आपण होऊन मागायचं? घरून खाऊन आलो नसलो तरी दुसऱ्याकडे पहिल्यांदा ‘नको’च म्हणायचं, हे त्यांच्या आईनं चिमटे काढून काढून शिकवलं होतं. हावरट म्हणतील लोक. चार माणसांत कुणी बोट दाखवायला नको, ही तिची सगळ्यात मोठी काळजी, आणि तिला ती काळजी का होती हे मेश्रामांना नीट माहीत होतं.

मग त्यांनी आडमार्ग धरला. दुसऱ्या दिवशी वॉल्टला म्हणाले, “पहिल्या शनिवारी मला काहीच काम नाही. दिवसभर मोकळा.”

“छान! झोप काढ मग,” वॉल्ट म्हणाला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “माझा खांदा हल्ली फार चांगला आहे.”

“आधी दुखत होता?”

“नाही.”

वॉल्टनं त्यांच्या खांद्याकडे बघितलं आणि आपली ताटली फेकली.

शेवटी मेश्रामांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. बेत असा होता, की आग्रह म्हणजे काय हे वॉल्टला सांगायचं नाही, करून दाखवायचं. सुमित्रानं पाटवडीचा रस्सा केला. झणझणीत, नागपूरला शोभेल असा. वॉल्ट पहिल्या घासाला खोकला, दुसऱ्याला घामाघूम झाला आणि मग मात्र मान खाली घालून जेवला. दोन वाट्या झाल्यावर त्यानं पोटावर हात ठेवला. “नो, थँक्यू. पोट भरलं.”

“एकच,” म्हणत मेश्रामांनी वडी वाढली.

“खरंच नको.”

“अर्धी.” पूर्ण वडी पडली, वर रस्सा.

वॉल्टनं ती संपवली आणि दोन्ही हात ताटावर आडवे धरले. मेश्रामांनी हातांच्या फटीतून पोळी सरकवली. वाढताना ते त्याच्या डोळ्यांत अगदी रोखून बघत होते. कळतंय का? ‘नाही’ म्हणालास, तरी मी सोडलं का तुला?

वॉल्टला काही कळलं असेल तर ते एवढंच, की या घरातून उठून जायला हवं. जाताना दारात तो म्हणाला, “उद्या सकाळी स्पर्धेची यादी बंद होतेय. हार्डवेअरच्या दुकानातला तो पोरगा आहे ना, त्याचं नाव घालतो. डावरा आहे, पण चालेल.”

दार लागलं. सुमित्रा भांडी उचलत म्हणाली, “मी सांगू का त्याला?”

“अजिबात नाही!”

“मग तुम्ही सांगा. नाहीतर तो डावरा खेळेल आणि तुम्ही गुण मांडाल.”

ती बोलायचं म्हणून बोलली असेल. पण मेश्राम रात्री उशिरापर्यंत उद्याच्या पँटला इस्त्री करत बसले.

सकाळी ते पार्कात पोचले तेव्हा वॉल्ट फलकापाशी उभा होता. यादी टाचणीनं लावलेली, हातात पेन. मेश्राम जवळजवळ धावत आले. सत्तेचाळिसाव्या वर्षी इस्त्रीची पँट घालून धावणारा माणूस बघून वॉल्ट घाबरला. “घरी सगळं ठीक ना?”

“ठीक. मी त्या दिवशी नाही म्हणालो होतो.”

“हो. मी काही वाईट मानलं नाही.”

“ते माझं पहिलं ‘नाही’ होतं.”

वॉल्टनं पेन खाली केलं. “पहिलं? एकूण किती असतात?”

मेश्रामांनी प्रामाणिकपणे विचार केला. “तीन,” ते म्हणाले. “मोठ्या कामाला कधीकधी चार.”

“म्हणजे कालची ती पोळी...”

“हो.”

वॉल्टनं टोपी काढून डोकं खाजवलं. चौतीस वर्षं त्यानं लोकांच्या दारात पत्रं टाकली होती. पत्ता चुकीचा असला, तर पत्र परत पाठवायचं एवढं त्याला ठाऊक होतं. तेच पत्र त्याच दारात तीनदा टाकायचं, हे नवीन होतं. पण कामात तो पक्का होता.

“ठीक. प्राल, माझ्याबरोबर खेळशील?”

“नो, नो,” मेश्रामांच्या तोंडातून निघालं. ते इतकं आपोआप निघालं, की त्यांनीच तोंडावर हात ठेवला.

“हे दुसरं,” वॉल्टनं बोट वर केलं. “खेळशील माझ्याबरोबर?”

मेश्रामांना ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’ अगदी जिभेवर होतं. वॉल्टचं बोट अजून वरच होतं. “तुला चांगला जोडीदार...” त्यांनी सुरुवात केली. फलकावर जोड्यांची नावं होती, त्यात वॉल्टच्या नावापुढे कोरी जागा होती. मेश्रामांनी एकदम पुढे होऊन त्या जागेवर बोट टेकवलं.

“इथे,” ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. “इथे माझं नाव लिही. मला खेळायचंय.”

आईला काय वाटलं असतं, हा विचार मनात आला. पण बोट त्यांनी काढलं नाही. वॉल्टला ते हळूच बाजूला सरकवून लिहावं लागलं.

घरी सुमित्रा कामावर निघायच्या घाईत होती. “काय झालं? हो म्हणालात का?”

“नाही.”

“अहो!”

“हो असं नाही म्हणालो,” मेश्राम खुर्चीत बसत म्हणाले. “पण मी मागितलं. त्यानं लिहिलं.”

सुमित्रा उंबऱ्यात थांबली. मग पर्स उघडून तिनं कागद आणि पेन काढलं. “शनिवारी हे काळे बूट चालायचे नाहीत,” ती म्हणाली. “येताना नवे आणते, पायाचं माप सांगा. आणि सरळ सांगा.”