दोन सूत

हे लिहायला मी आजवर चार वेळा बसलो आणि चारही वेळा उठलो. एकदा चष्मा सापडेना म्हणून, एकदा गॅसवर दूध ठेवलंय असं वाटलं म्हणून — उठायला कारणं लागतात कुठे? तोंडाने सांगण्याचं तर नावच नको. तीस-बत्तीस वर्षं झाली. मित्रांना सांगितलं नाही, नातेवाइकांना नाही, देवापुढे हात जोडून उभा राहिलो तरी दुसरंच काहीतरी पुटपुटून परत आलो. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — कळतंय मला ते. जिला सांगायला हवं ती आत्ता आतल्या खोलीत बसलेली आहे आणि मी दार लोटून घेऊन लिहितो आहे.

ती माझी धाकटी बहीण, मालती. घरात मालू. मी पंचाहत्तर वर्षांचा, ती अडुसष्टची. घरात आम्ही दोघंच.

शनिवार पेठेत माझा छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय — एक शटर, वेल्डिंगचं यंत्र आणि एक लोखंडी टेबल. तिथे मी मोटरसायकली तीन चाकांच्या करून द्यायचो. मागचं चाक काढायचं, त्या जागी आडवा धुरा बसवायचा आणि धुऱ्याच्या दोन टोकांना दोन चाकं. पोलिओने किंवा अपघाताने ज्यांना पाय टेकून गाडी तोलता येत नाही, त्यांच्यासाठी. पायातला गिअर हाताशी आणायचा, ज्या पायात जोर असेल त्या पायाखाली ब्रेक द्यायचा. शिंपी घेतो तशी मी माणसांची मापं घ्यायचो.

गाडी तयार झाली की गिऱ्हाइकाला घेऊन नदीपात्रातल्या मोकळ्या जागेवर जायचं. मैदानावर खेळासाठी आखतात ना, तशी पांढऱ्या फक्कीची शंभर फूट सरळ रेघ मी आखायचो. पुढचं चाक त्या रेघेवर ठेवून गाडी न्यायची. तीनदा रेघ सुटली नाही तर नारळ फोडून किल्ली हातात. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन चाकांची सवय असलेल्या माणसाला ते जड जातं. दोन चाकांवर माणूस अंग झुकवून वळतो, तीन चाकांवर फक्त हाताने वळायचं असतं. झुकून उपयोग नसतो.

आणि माझा एक नियम होता. रेघ सुटली तर आधी गाडी तपासायची, मग माणूस. कारण जो बसलेला असतो तो जन्मभर ऐकत आलेला असतो की दोष त्याच्या अंगात आहे. निदान माझ्याकडे तरी त्याला ते ऐकायला लागू नये. नियम चांगला होता. मला त्याचा अभिमान होता. आजही कुणी विचारलं तर मी हाच नियम सांगतो.

मालूचा डावा पाय तिसऱ्या वर्षी पोलिओने गेला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात काठी. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात ती प्रुफं तपासायची. रोज सकाळी मी तिला माझ्या गाडीवर मागे बसवून सोडायचो आणि संध्याकाळी आणायचो. नऊ वर्षं. छापखान्याचे मालक दारात उभे राहून म्हणायचे, "अहो, भाऊ असावा तर असा!" आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बहिणीसाठी यांनी लग्नसुद्धा केलं नाही. दोन मुलींनी मला बघून नकार कळवला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं — का सांगू?

तुम्ही म्हणाल, जगाला चाकं लावून देणाऱ्याने स्वतःच्या बहिणीला नऊ वर्षं मागे का बसवलं? तिनेही एक दिवस हेच विचारलं. एका प्रकाशकाकडे तिला संपादनाचं काम मिळत होतं. फिरतीचं काम. लेखकांच्या घरी जायचं, हस्तलिखितं आणायची, चर्चा करायची. पुस्तकातल्या चुका काढून काढून तिला आता पुस्तकं घडवायची होती. त्यांची एकच अट होती — स्वतःचं येण्याजाण्याचं बघा.

"गावाला गाड्या वाटतोस," ती म्हणाली, "घरातलं गिऱ्हाईक उधारीवालं वाटतं की काय तुला?"

मी हसलो आणि गाडी करायला घेतली. मनापासून घेतली, हे खरं आहे. शंभर सीसीची जुनी मोटरसायकल आणली. रंग तिने निवडला, मोरपंखी. दोन मागच्या चाकांच्या मध्ये प्रुफांसाठी पत्र्याची पेटी हवी, पाण्याचा थेंब आत जाता कामा नये, असं तिने बजावलं होतं. झाकणाला मी रबर लावलं. साडी कॅलिपरमध्ये अडकते म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. मापं घेताना हातात टेप धरून ती म्हणाली, "चला, आता तुझी हमाली संपली, दादा."

ती ते प्रेमाने म्हणाली. माझ्यावरचं ओझं उतरणार म्हणून तिला आनंद झाला होता. मग ते मला का टोचलं? त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही. सकाळी साडेनऊला मी कुणाला सोडायला जाणार? छापखान्याच्या दारात मला बघून कोण काय म्हणणार? रस्त्यावरची भीती होती, ट्रक होते, खड्डे होते — हे सगळं मी स्वतःला नंतर सांगितलं. त्या दिवशी माझ्या मनात ट्रक नव्हता. त्या दिवशी मनात एवढंच होतं की ही आता मला विचारणार नाही.

गाडी तयार झाली आणि रेघेवर न्यायला रविवार ठरला. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी सगळी पेठ शटर ओढून झोपलेली असताना मी कारखान्यात गेलो. गाडी ठाकठीक होती. मी स्वतःच धुरा गुण्याला लावून बसवला होता, चौकटीशी बरोबर काटकोनात. मी डाव्या बाजूचे नट सैल केले, धुऱ्याचं ते टोक पुढे सरकवलं आणि नट पुन्हा आवळले.

दोन सूत. आमच्या कामात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच. डोळ्यांना दिसत नाही. पण धुरा पाव इंच तिरका असला की गाडी सरळ जात नाही, हळूहळू एका अंगाला ओढते. तीस-चाळीस फुटांवर रेघ सुटणारच. उत्तम चालवणाऱ्याचीही सुटेल, आणि मग तो हँडल ओढून धरील, जास्त ओढलं जाईल, गाडी उलटीकडे जाईल. हे मला माहीत होतं. लोकांच्या गाड्यांत हाच दोष मी शोधून काढायचो.

हात थरथरले नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होतो की हात थरथरले होते.

रविवारी सकाळी ती नवा ड्रेस घालून नदीपात्रात आली. केस घट्ट बांधलेले. बसली, गिअर टाकला, निघाली. पहिले वीस फूट तिचा चेहरा — नाही, तो मला लिहिता येणार नाही. मग गाडी डावीकडे गेली. पोलिओचा पाय डावा, लक्षात आलं ना तुमच्या? धुऱ्याचं कोणतं टोक सरकवायचं ते मी ठरवलं होतं. विचार करून ठरवलं होतं.

दुसऱ्यांदा तिने दात आवळून हँडल धरलं. गाडी नागमोडी गेली. तिसऱ्यांदा रेघ सोडून कडेच्या दगडांवर जाऊन आदळली. गाडी उलटली नाही, पण मालू पुढे फेकली गेली आणि गुडघा फुटला. नवा ड्रेस फाटला, कॅलिपरची पट्टी वाकली. मी धावलो. तिथेच वाळूत बसून, रक्त न पुसता, तिने मला विचारलं, "दादा, गाडी तपासलीस?"

तिला नियम माहीत होता. आधी गाडी, मग माणूस. मी तिलाच तर सांगायचो रोज रात्री जेवताना, किती अभिमानाने.

मी म्हणालो, "तपासली."

बस. एवढाच शब्द. प्रुफाच्या शेवटच्या पानावर 'तपासले' असं लिहून खाली सही करणारी बाई ती. तपासलं म्हणजे तपासलं. तिने मान हलवली. मग मी पुढे म्हणालो — न विचारता म्हणालो — "तुझं अंग डावीकडे झुकतंय, मालू. नऊ वर्षं मागे बसून सवय लागली आहे. त्या पायावर ताबा नाही ना, त्याला तू तरी काय करणार?"

तिने रेघेकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मीच वाकडी." आणि हसली. तिचं नेहमीचं तिरकस हसणं. मी तिला उचलून माझ्या गाडीवर मागे बसवलं.

प्रकाशकाला तिने नकार कळवला. फाटलेला ड्रेस धुऊन, शिवून ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही. पंधरा दिवसांनी मी धुरा पुन्हा काटकोनात आणला आणि ती मोरपंखी गाडी कांबळ्यांना दिली. बँकेत कारकून होते, त्यांचाही डावाच पाय. त्यांनी पहिल्या फेरीत रेघेवरून अशी नेली की फक्कीवर चाकाचा एकच पट्टा उमटला. संध्याकाळी पेढे घेऊन घरी आले. "मालूताई, लोण्यासारखी जाते हो गाडी!" मालू माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? गाडीत काही नव्हतं." जणू मलाच धीर देत होती.

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरच्या कुठल्याही सकाळी सांगता आलं असतं. ती पाठीमागे बसलेली असायची, तिचा हात माझ्या खांद्यावर असायचा, तोंडाकडे बघायचीही गरज नव्हती. वीस वर्षं आणखी मी तिला नेलं-आणलं. अपंगांना चाकं दिली म्हणून पेठेतल्या मंडळाने मला शाल आणि नारळ दिला. पहिल्या रांगेत बसून मालू टाळ्या वाजवत होती. दर भाऊबीजेला ती मला ओवाळते. ताटातला दिवा माझ्या तोंडाजवळ येतो तेव्हा मी डोळे मिटतो. तिला वाटतं, भक्तिभावाने.

आता ऐका पुढचं. तीन वर्षांपूर्वी माझे दोन्ही गुडघे गेले, गाडी सुटली. त्या दिवसापासून मालूचंही बाहेर जाणं संपलं. रिक्षावाला दोन गल्ल्यांसाठी येत नाही, आला तर तिला चढवणार कोण? आणि गेल्या वर्षी तिची नजर गेली. समोरच्या माणसाचा आकार दिसतो, अक्षर दिसत नाही. म्हणजे आता मी कबूल केलं, नवी गाडी आणून दारात उभी केली, तरी काय? ती आता ती चालवू शकत नाही. माझ्याजवळ परत द्यायला काहीच उरलेलं नाही. मी थांबत राहिलो, थांबत राहिलो, आणि उरलं नाही.

कांबळे अजून त्याच गाडीवर मंडईत जातात. सत्तरी उलटली त्यांची. येताना आमच्या गॅलरीखाली थांबतात, प्रुफांच्या पेटीतून मेथीची जुडी काढतात आणि दोरीला बांधलेल्या पिशवीत टाकतात. रबर लावलेलं ते झाकण बंद होताना विशिष्ट आवाज येतो. मालू तो ओळखते. "कांबळे आले," म्हणते. ते गेल्यावर गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती कठड्याला धरून उभी असते. मी आत असतो. बाहेर जात नाही.

रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो. कान तिचे अजून प्रुफं तपासणारेच आहेत. कंटाळून एखादी ओळ सोडली की लगेच, "दादा, मध्ये काहीतरी गळलंय. परत वाच."

काल मी इथवर लिहिलेली हीच पानं पेपरमध्ये घालून बसलो. म्हटलं, वाचतच जायचं, थांबायचं नाही. एका म्हाताऱ्याने लिहिलंय म्हणालो. कारखाना वाचला, फक्की वाचली, नियम वाचला. "अरे, हा तुझ्यासारखाच दिसतोय कोणी," ती म्हणाली आणि सावरून बसली. बहिणीच्या जागी ‘एक गिऱ्हाईक’ असं वाचत मी शनिवारच्या दुपारपाशी आलो. ओठ हलेनात. मी दोन पानं एकदम उलटली आणि कांबळ्यांच्या मेथीच्या जुडीसारखंच काहीतरी, कुणाचं तरी मंडईचं वर्णन, मनाने रचून वाचलं.

ती लगेच म्हणाली, "थांब. मध्ये गळलंय काहीतरी."

मी म्हणालो, "नाही. एवढंच आहे. तपासलंय मी."

तिने मान हलवली. तशीच, तेव्हासारखी.

गळलं होतं ते हे — मालू, धुरा मी सरकवला होता. दोन सूत, डावीकडून. तू झुकली नव्हतीस.