आकाशाला हात करणाऱ्या बाई

"अहो, वर माणसं आहेत! हात तरी करा!"

सूर्य नुकताच डहाणूच्या समुद्रात बुडाला आहे, माझ्या हातात संध्येची पळी आहे आणि अंगणाच्या मधोमध उभ्या राहून बाई आकाशाकडे हात हलवीत आहेत. हे दृश्य मी पुष्कळदा पाहिले. ताडांच्या शेंड्यांवरून एक शांत, न लुकलुकणारा ठिपका सरकत जाई. ते अंतराळस्थानक. त्यात घरदार सोडून गेलेली माणसे राहतात आणि त्यांना खालून कोणी हात करीत नाही, याचे बाईंना मनापासून वाईट वाटे.

"त्यांना दिसतं का गं?" माझी पत्नी विचारी.

"छे! पण म्हणून आपण करू नये असं थोडंच आहे, काकू?"

प्रत्युत्तराची अपेक्षा न ठेवता रोज वर पाहून हात जोडावेत, हे तर मी लोकांना जन्मभर सांगत आलो होतो. माझे ऐकून माझी पत्नी कधी स्वयंपाक टाकून अंगणात धावली नव्हती.

आमच्या भागातील जमीन काही वर्षांपासून अधूनमधून थरथरते, हे आपण ऐकले असेल. तलासरीकडची माणसे त्या दिवसांत घर असून अंगणात झोपत. त्या थरथरीची नोंद घेणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी बाई इकडे आल्या आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिल्या. वय पन्नाशीच्या आसपास, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत कायम चारदोन दगड. षड्रिपूंपैकी पाचांशी माझा तारुण्यातच परिचय झाला होता आणि त्यांना मी यथाशक्ती वाटेला लावले होते. सहावा, मत्सर, बाईंच्या सामानाबरोबर मागच्या खोलीत राहायला आला.

मी राममंदिरात पुराण सांगतो. धक्के सुरू झाल्यावर गावकऱ्यांनी माझ्याकडून शांती करून घेतली आणि पुढचा धक्का कधी बसेल, असेही विचारले. मी ग्रहस्थिती पाहून, शब्द तोलून, दोन्ही बाजूंनी खरे ठरेल असे उत्तर दिले. मग तीच माणसे बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण घर कसं बांधायचं ते सांगते, बसा." माणसे बसली, चांगली दुपारभर बसली. 'मला माहीत नाही' असे म्हणून एवढा मान मिळतो, हे मला कोणत्याही गुरूने शिकवले नव्हते.

पोटापाण्याचे काम जमिनीखालचे, पण त्यांचे चित्त सदा वर. एक यान चंद्रावर उतरले त्या संध्याकाळी त्या वाटेवरच्या प्रत्येकाला थांबवून मोबाइल दाखवीत होत्या. वरोरहून मासळी विकायला येणारी मावशी पाटी डोक्यावर तशीच ठेवून पाहत राहिली.

"उतरला काय गो बाय?"

"उतरला!"

"मग आता रडतेस कशाला? उतरला ना!"

डोळे पुसून बाईंनी पेढे आणले आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, देवापुढे ठेवा." मी ठेवले. दर संकष्टीला मी चंद्राला अर्घ्य देत आलो आहे. परंतु खरे सांगायचे तर उगवला की नाही, एवढेच पाहत आलो आहे. उपवास सुटण्यापलीकडे त्याच्याशी माझे काही काम नसे.

एकदा मात्र दैव माझ्या बाजूचे आहे असे वाटले. जंगलातील आगी उपग्रहाला दिसतात आणि मोबाइलवर तांबडे ठिपके उमटतात, हे बाईंनी सर्वांना सांगून ठेवले होते. कुठल्या तरी दूरच्या देशात वणवा लागला तरी त्यांना जेवण जात नसे. फाल्गुनाच्या अखेरीस एका सकाळी कैनाडच्या बाजूला ठिपकेच ठिपके उमटले. बाईंनी वनखात्याला फोन केला, रिक्षा केली, आणि पत्नीने "तुम्ही पण जा हो, एकटी कशी जाईल" म्हटल्यामुळे मीही त्यांच्याबरोबर गेलो.

तिथे वणवा कसला! शेतकऱ्यांनी राब लावला होता. भाताचे बी पेरण्यापूर्वी शेताच्या तेवढ्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरून जमीन भाजतात, तेच ते. इकडच्या लहान मुलालाही ते ठाऊक असते. मी मुद्दाम काहीच बोललो नाही. आता हसे होणार, या कल्पनेने मनात कोठेतरी घंटा वाजत होती.

हसे झालेही. सर्वांत मोठ्याने बाईच हसल्या.

"बाय, तुझ्या त्या वरच्या यंत्राला सांग," एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "ही आग आमच्या पोटाची हाय."

"सांगते की, बाबा. पण मला आधी सगळं दाखवा. पाला कुठला? माती वर का टाकता?"

राखेने हात काळे करून त्या तासभर त्यांच्यात उकिडव्या बसल्या. निघताना त्यांना नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी मिळाली. मला चहा मिळाला, काळा. वाचकहो, माझ्या पंचांगातील पाऊस चुकला की हेच लोक मिशीत हसतात. बाई चुकल्या, तर त्यांना जेवू घातले.

म्हणून त्यानंतर चारच दिवसांनी आलेल्या पाडव्याकडे माझे डोळे लागले होते. वर्षातून हा एक दिवस पूर्णपणे माझा. मंदिराच्या पारावर नव्या पंचांगाची पूजा होते, मी वर्षफल वाचतो आणि डोंगराकडचे शेतकरी, किनाऱ्यावरचे मच्छीमार पाऊस ऐकायला येतात. पत्नी पहिल्या ओळीत बसते. त्या वर्षी तिच्या शेजारी बाई बसल्या.

मी पर्जन्यफल वाचीत होतो. यंदा इतके आढक जल, त्यातील इतके भाग समुद्रावर, इतके पर्वतावर, इतके भूमीवर. तेवढ्यात कैनाडचे तेच म्हातारे मधूनच म्हणाले, "गुरुजी, जरा थांबा. बाय, तुझं काय म्हणणं? पाऊस कसा?"

सारी तोंडे वळली. माझ्या पत्नीचेही.

"आधी गुरुजींचं पूर्ण होऊ द्या," बाई म्हणाल्या. "मी ऐकायला आलेय. पण गुरुजी, आढक म्हणजे केवढं?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. तथापि उत्तर मुखोद्गत होते. मी सांगितले, की हातभर रुंद तोंडाचे भांडे उघड्यावर ठेवावे, त्यात साठलेले पावसाचे पाणी मोजावे आणि त्या मापाचे नाव आढक.

बाई उभ्याच राहिल्या. "म्हणजे अंगणात भांडं ठेवून पाऊस मोजायचे? इतक्या पूर्वी? आणि समुद्रावरचा वेगळा, डोंगरावरचा वेगळा? काय हौस असेल हो त्यांना!" मग अगदी निर्मळ उत्सुकतेने त्यांनी विचारले, "तुम्ही ठेवलंय का कधी?"

पहिल्या ओळीतून हसण्याचा आवाज आला. तो आवाज मी पन्नासहून अधिक वर्षे ओळखतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांचे तांब्याचे घंगाळ माळ्यावरून खाली आले होते आणि पत्नी ते चिंचेने घाशीत होती.

"ते वडिलांच्या स्नानाचे आहे," मी म्हणालो.

"अहो, वर काळं पडत होतं. पाणीच तर साठवायचंय त्यात."

पावसाळाभर घंगाळ तुळशीजवळ उघड्यावर राहिले. रोज सकाळी पत्नी ताकाच्या तांब्याने पाणी मोजी, तुळशीला घाली आणि कोळशाने भिंतीवर रेघ ओढी. मग दोघी त्या रेघांवर डोकी लावून बसत. समुद्र तापतो तो कसा, ढग थबकतात ते का, पूर्वीसारखा पाऊस आता का राहिला नाही, अशी त्यांची बोलणी चालत. आतून मी पोथीचे पान उलटी आणि तेच पान पुन्हा वाची. आढक हा शब्द माझा, घंगाळ माझ्या वडिलांचे, पत्नी माझी. आणि आनंद मात्र त्या परक्या बाईचा!

एके दिवशी न राहवून मी पत्नीला म्हणालो, "सत्तावीस नक्षत्रे मला कंठस्थ आहेत. तू मला कधी एकाविषयी विचारले नाहीस."

ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही नावं सांगायचात. तिनं बोट दाखवलं."

दिवाळीनंतर बाईंची बदली झाली, उत्तरेत कुठेतरी, जिथे पहाडांवरची वने दर उन्हाळ्यात पेटतात तिकडे. जाताना पत्नीने घोलवडचे चिकू बांधून दिले. बाईंनी बूट काढले, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "गुरुजी, घंगाळ हलवू नका हं. जागा बदलली की तुलना राहत नाही." मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. आता पाडवा पुन्हा माझा होणार होता.

यंदाच्या पाडव्याला मी पर्जन्यफल वाचले. कोणी अडविले नाही. संपल्यावर कैनाडचे म्हातारे उठले. मी उपरणे सावरले.

"काकू," ते म्हणाले, "गेल्या सालचा पाऊस तुमच्या घंगाळात कसा होता?"

माझी पत्नी उठली आणि पदर खोचून सांगू लागली. पाऊस कधी लागला, कधी ओढ बसली, परतीचा एका रात्रीत किती कोसळला. लोक माना डोलावीत होते. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला ठाऊक नव्हते.

त्या दिवशी सायंकाळी मी संध्येला बसलो असता ती लगबगीने अंगणात आली. ताडांवरून तो ठिपका निघाला होता. घंगाळाशेजारी उभी राहून तिने हात वर केला आणि हलवीत राहिली, ठिपका उत्तरेकडे विझून गेला तरी.

ती कोणाला हात करीत होती, ते मी विचारले नाही. पळीतले पाणी तसेच हातात धरून मी वर पाहत राहिलो.