वालाच्या शेतातली गर्दी

चामटोलीच्या शेतावर आमचा ड्रोन शहाण्या बाळासारखा उडायचा, आणि बदलापुरात नव्या इमारतींशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नेला की कोसळायचा. त्यातला रेडिओ, म्हणजे जमिनीवरच्या आमच्याशी त्याला जोडून ठेवणारा बिनतारी भाग, मी आणि माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने बनवला होता. एका चॅनेलवर गर्दी झाली की त्याने आपणहून मोकळा चॅनेल शोधायचा, एवढंच त्याचं काम. पण शेतात गर्दी नव्हतीच, आणि इमारतींत घरटी एक वायफाय. आता शेवटचाच ड्रोन उरला होता. तोही पडला तर मैत्रीण सोमवारपासून पुण्याच्या नोकरीवर जाणार होती. तिचं काही चुकत नव्हतं, तरी मला तिचा भयंकर राग आला होता.

रागात मला एक बरं सुचलं. ड्रोनला गर्दी झेपते की नाही, हे बघायला गर्दीच शेतात न्यायची. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये वायफायचे जुने राउटर विकणाऱ्या शेठकडे गेले आणि सोमवारी परत देते म्हणून पोतंभर राउटर भाड्याने मागितले.

"नेट नहीं चाहिए, सिर्फ चालू चाहिए?" शेठ हसायला लागले. "मॅडम, शादी में लाइटिंग करनी है क्या?"

शनिवारी आम्ही दोघींनी ते राउटर बांधावर मांडले, बॅटऱ्यांना जोडले आणि एकमेकांना सतत फाइली पाठवायला लावले. शेतवाल्या काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"पडला तं माज्या वालावर नको हां," त्यांनी बजावलं.

ड्रोन वर गेला. थोड्या वेळाने त्याच्या कॅमेऱ्यातून आमच्या पडद्यावर येणारं चित्र थिजलं आणि तो डोलायला लागला. मैत्रिणीचा हात दुसऱ्या, आमच्या रेडिओशिवाय चालणाऱ्या नेहमीच्या रिमोटकडे गेला. त्याने ड्रोन वाचला असता, पण आमचा रेडिओ नापास झाला असता.

"हात लावू नकोस!" मी खेकसले.

"पडेल गं!"

"पडू दे!"

तिने रिमोट सोडला आणि माझं मनगट घट्ट धरलं. चित्र हललं. रेडिओने नवा चॅनेल पकडला होता. तोही भरला तेव्हा त्याने तिसरा शोधला, आणि शेताला फेरी मारून ड्रोन आमच्या पुढ्यात उतरला. मला रडू फुटलं. काकूंसमोर लाज वाटली, पण थांबवता येईना.

मैत्रीण राउटर गोळा करत होती. पोत्याचं तोंड बांधून झाल्यावर म्हणाली, "शेठना फोन कर. म्हणावं, सोमवारी परत नाही देत, सोमवारी आम्हाला लागणार आहेत."