व्याह्यांच्या अंगणातला खांब

सन दोन हजार बावीस. मला त्र्याहत्तरावं लागलेलं होतं, आणि तापीपासून गिरणेपर्यंत माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही अशी तोवर माझी पक्की समजूत होती. त्या दिवाळीत माझ्या व्याह्यांनी आपल्या अंगणात आकाशाचे फोटो काढायची दुर्बीण बसवायला घेतली आणि माझा पहिला नंबर गेला.

व्याही म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलीचे सासरे. पाचोऱ्यातच राहायचे, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. रेल्वेत गार्ड होते. छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून हिंडले. तिथे बोलायला कोणी नसतं, पुढे नुसते डबे आणि वर आकाश. चांदण्यांचं वेड त्यांना तिथेच लागलं असणार. मी गवंडी. चौथीत शाळा सोडली आणि थापी धरली, ती सत्तरीपर्यंत सोडली नाही. आमची मुलं नोकरीपायी पुण्याला गेली, आमच्या बायका आमच्या आधी गेल्या, आणि गावाच्या दोन टोकांना दोन म्हातारे राहिले. ते मला आबा म्हणत, मी त्यांना नाना.

त्यांच्या घरी मी रोज जायचो, पण पाण्याचा थेंब घेत नव्हतो. मुलीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी बापानं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता ती कोणी पाळत नाही. म्हणूनच मी पाळायचो. मुलीचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, मूल काही झालं नाही, आणि मी नऊ वर्षं स्वतःची बाटली घेऊन जायचो आणि तहान लागली की फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहून प्यायचो. नाना रोज न चुकता पेला भरून पुढे करायचे. "आबा, नळ नगरपालिकेचा आहे, माझा नाही," म्हणायचे. मी म्हणायचो, "नळ नगरपालिकेचा, पण माठ तुमचा." मग ते पेला कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायचे. त्या आळीत तसा कढीपत्ता दुसरा नव्हता.

नानांचं सगळं आयुष्य घड्याळावर चालायचं. जेवण बारा वाजून पाच मिनिटांनी, कारण त्यांच्या मते बारा ही वेळ ढिसाळ लोकांची. एक जाडी डायरी होती, तिच्यात जे घडेल ते वेळेसकट लिहायचे. एकदा त्यांनी मला ती वाचून दाखवली. त्यात "७:५२ आबा आले. ७:५३ आबा चिडले" असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, मी चिडलो नव्हतो. त्यांनी लगेच लिहिलं, "८:०४ पुन्हा चिडले." रेल्वेतला लाल काचेचा कंदील त्यांनी जपून ठेवला होता. दुर्बीण आली तसा त्या कंदिलाला पुन्हा मान आला, कारण अंधाराला सरावलेले डोळे लाल उजेडानं बिघडत नाहीत म्हणे. संध्याकाळी फाटकाला तो लाल कंदील टांगला की कोणी बॅटरी घेऊन आत यायचं नाही. दूधवाल्याला त्यांनी दोनदा सिग्नलवर थांबवून ठेवला होता.

दुर्बीण धुळ्याहून आणली. तिथल्या कोणा निवृत्त प्राध्यापकांची जुनी दुर्बीण जावयानं पुण्याहून ठरवून दिली होती. ती चादरीत गुंडाळून एसटीत आम्ही दोघांनी मांडीवर आडवी घेतली, डोक्याकडून नाना, पायाकडून मी. कंडक्टर थबकला. "आबा, हाई काय शे? तोफ शे का?" नाना म्हणाले, "दुर्बीण आहे. हिला धक्का लागू देऊ नका." कंडक्टर मला म्हणाला, "मंग खिडकीकडे सरका आबा, बठ्ठी गाडी यास्नीच व्यापी टाकी." अख्खी गाडी आम्हीच अडवली म्हणे. पाचोऱ्यापर्यंत नाना त्या चादरीवर हात ठेवून बसले होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

आता अंगण. अंगणात लिंबू, पेरू, कढीपत्ता आणि ऐन उत्तरेला शेवगा. शेवगा विहीणबाईंनी लावलेला, त्यामुळे त्याला कुऱ्हाड लावायची नाही. पण ध्रुवतारा नेमका त्या शेवग्यामागे. नानांनी काय करावं, तर फांदीला सुताची दोरी बांधली आणि संध्याकाळी पडदा सारावा तशी ती फांदी बाजूला ओढून कुंपणाच्या खुंटीला अडकवायची. काम झालं की सोडायची, आणि सोडताना "झालं गं" असं हळूच म्हणायचे. ते माझ्याशी बोलत नसत, म्हणून मीही कधी ओ दिली नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड अंगणात यायचा, तर तिथे बांबूला काळी छत्री बांधून दिव्यासमोर धरलेली. शेजारच्या अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "नाना, पाऊस आडवा येतो का तुमच्याकडे?" नाना म्हणाले, "उजेड येतो अक्का. छत्री त्याच्यासाठी."

दुर्बीण तीन पायांच्या तिकाटण्यावर डुगडुगायची. नाना मला म्हणाले, "आबा, मला असा खांब हवा की शेजारून मालगाडी गेली तरी चांदणी हलता कामा नये." सत्तरीत ठेवलेली थापी मी पुन्हा काढली. तीन फूट खड्डा, तळाला दगड, आत सळ्या, घराच्या पायाशी कुठेही संबंध नाही. चार बाजूंनी ओळंबा सोडला, केसभर फरक नाही. वर लोखंडी पाटा बोल्टांनी बसवला. मग एकवीस दिवस गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. त्यांचं पाणी मी खांबाला पाजत होतो आणि स्वतः फाटकाबाहेर जाऊन बाटली उघडत होतो. नानांनी खांबाला टिचकी मारून पाहिली आणि डायरीत लिहिलं, "खांब पास." माझ्या चौथीच्या निकालावरही एवढं स्वच्छ लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर अकरा संध्याकाळी त्यांनी, दुर्बीण जिच्यावर फिरते ती मान पाट्यावर बसवण्यात घालवल्या. शेवगा बाजूला, डोळा काचेला, पाना हातात, बोल्ट सैल करून पाटा कणभर इकडे, कणभर तिकडे. बाराव्या दिवशी त्यांनी मानेवर पितळी घंगाळ उपडं घातलं आणि म्हणाले, "झालं. आता याला कोणी हात लावायचा नाही."

संक्रांतीच्या सकाळी मी गेलो तर नाना बाजारात गेले होते. मी सहज घंगाळ उचललं आणि बघतो तर काय. माझ्या खांबाचं डोकं वाकडं. कंपाउंडची भिंत मीच बांधलेली, तिच्याशी पाटा चांगला दोन बोटं तिरका. रस्त्यानं जाणारा कोणीही म्हणेल, म्हाताऱ्याची नजर गेली. मी गुण्या आणला, भिंतीला काटकोन धरला, बोल्ट सैल केले, पाटा भिंतीला सरळ केला, बोल्ट आवळले आणि घंगाळ होतं तसं ठेवलं. नानांना सांगितलंही नाही. आपण केलेली दुरुस्ती सांगत फिरायची मला सवय नाही.

नानांना एकच फोटो काढायचा होता. मृग नक्षत्रात ओळीनं तीन चांदण्या असतात, त्यांच्याखाली एक धुरकट ठिपका आहे, त्याचा. हिवाळ्यात तो संध्याकाळीच वर येतो आणि उन्हाळा लागला की जातो. म्हणजे हाताशी दोन महिने होते. त्यांनी पहिला फोटो काढला. प्रत्येक चांदणीची शेवई झालेली. दुसरा, तिसरा, दहावा, सगळ्यांत शेवयाच. नाना कॅमेऱ्याच्या मागच्या काचेकडे बघत बसायचे, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. त्या वर्षी त्यांचा हात थोडा थरथरायला लागला होता. बशीत कप वाजायचा. मी म्हटलं, "नाना, ती मान पुन्हा एकदा तपासा की." ते म्हणाले, "मान कशाला तपासू? ती तुमच्या खांबावर आहे. खांब हलणार नाही. हा हातच गेला आबा. बटण दाबताना धक्का लागतो. छत्तीस वर्षं झेंडी धरली यानं."

मला तेव्हाही उलगडा झाला नव्हता. झाला तो आठ दिवसांनी. चांदणी पळते कशी, हे मला समजावं म्हणून त्यांनी बांबूवरची छत्री सोडून आणली, उघडली आणि दांडा उत्तरेकडे थोडा वर धरून फिरवली. "हे आकाश. दांड्याचं टोक म्हणजे ध्रुव. सगळं त्याच्याभोवती फिरतं. दुर्बीणही त्याच दांड्यावर फिरली पाहिजे. बोटभर चुकलं की शेवया."

मी विचारलं, "भिंतीला सरळ धरलं तर नाही चालत?"

नाना हसले. "आबा, ध्रुवानं तुमची भिंत पाहिलेली नाही."

मी फाटकाबाहेर गेलो आणि अख्खी बाटली प्यायलो. परत आत येऊन सांगायचं होतं. सांगितलं नाही. साठ वर्षांत मी कोणत्याही मालकासमोर माझं काम चुकलं असं म्हटलेलं नाही, आणि मुलीच्या सासऱ्यासमोर तर नाहीच नाही. उद्या सांगू म्हटलं. असे उद्या एक महिनाभर झाले. तेवढ्यात नानांनी मुलाला फोन केला, हात डॉक्टरला दाखवायला येतो, आता तिकडेच राहतो म्हणून. माझ्या मुलीचा मला फोन आला. "आबा, तुम्हीपण या. एकटे काय करणार तिथे?" मी म्हटलं, "तुझ्या घरचं पाणी मला चालत नाही." ती म्हणाली, "इथेही नळ महापालिकेचाच आहे." मी फोन ठेवला. ज्या घरी मी रोज जात होतो, त्या घराला आता कुलूप लागणार होतं, आणि ज्या हाताला दोष लागला होता तो हात निर्दोष होता, हे मला एकट्याला माहीत होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी गेलो तर नाना दुर्बीण त्याच चादरीत गुंडाळत होते. गाठ बसत नव्हती. दोनदा बांधली, दोनदा सुटली.

मी म्हटलं, "नाना, खांबाचं डोकं मी फिरवलं."

"कधी?"

"संक्रांतीला. भिंतीशी तिरकं दिसत होतं. गुण्या लावून सरळ केलं."

ते खाली पायरीवर बसले. बराच वेळ हात उलटसुलट करून बघत राहिले. "म्हणजे हा..."

"हात बरा आहे तुमचा. माझं डोकं वाकडं."

मला वाटलं, आता संबंध तुटला. मुलीला काय तोंड दाखवू. नानांनी खिशातलं घड्याळ पाहिलं, डायरी उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "सहा चाळीस. आबांनी कबूल केलं. गाडी एक महिना लेट." मग चादर सोडली आणि म्हणाले, "पाना आणा."

शेवग्याची फांदी मी ओढली. नाना काचेला डोळा लावून बसले आणि एका हातात लाल कंदील घेऊन मला खुणा करू लागले. कंदील डावीकडे गेला की पाटा डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे, स्थिर झाला की थांब. मला गार्डाची खूण कळायची नाही, त्यांना गवंड्याची भाषा कळायची नाही, तरी तासाभरात जमलं. साडेआठला त्यांनी बटण दाबलं आणि दोघंही श्वास धरून उभे राहिलो. पलीकडच्या रुळांवरून मालगाडी गेली, तरी खांब हलला नाही. काचेवर चांदण्या उमटल्या, खसखशीसारख्या गोल, आणि मधोमध कुंकवाचं बोट पुसल्यासारखा एक तांबूस धूर.

"इथे नव्या चांदण्या तयार होतात," नाना म्हणाले.

"म्हणजे काम चालू आहे अजून."

"चालू आहे."

मी विचारलं, "मग उद्याचं जाणं रद्द?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पोरांनी खोली लावून ठेवली, डॉक्टरांची वेळ घेतली, आणि एकदा झेंडी दाखवल्यावर गार्डानं गाडी अडवायची नसते. महिनाभर आधी बोललो असतो तर झेंडीच निघाली नसती. हे ते म्हणाले नाहीत. मीच स्वतःला म्हणालो. "होळी झाली की येतो," म्हणाले आणि फाटकाची किल्ली, कंदील आणि डायरी माझ्या हातात दिली. त्या होळीनंतर आणखी दोन होळ्या झाल्या. फोनवर खुशाली कळते. पुण्यात दिव्यांमुळे आकाश दिसत नाही म्हणतात.

पण मला सांगायचं ते दुसऱ्या सकाळचं. गाडी वेळेवर आली आणि वेळेवर सुटली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी फलाटावर उभा होतो, मग घरी न जाता त्यांच्या अंगणात गेलो. शेवग्याची फांदी रात्रीपासून खुंटीलाच अडकलेली होती, ती सोडली. लिंबाला, पेरूला, कढीपत्त्याला पाणी घातलं. खांबाला गरज नव्हती, तरी त्यालाही एक बादली मारली. माझी बाटली मी घरी विसरलो होतो. बाहेरच्या ओट्यावर माठ भरलेला होता आणि त्यावर नानांनी पेला उपडा ठेवलेला होता. मी इकडे तिकडे पाहिलं. मग पायरीवर बसलो आणि डायरी उघडून, चौथीपर्यंत गिरवलं होतं तशा अक्षरात, जमेल तेवढं लिहिलं: "सकाळी सात दहा. नाना गेले. खांब जागेवर. झाडांना पाणी घातलं. मीही प्यायलो."