मावशीच्या पेटत्या चुलीत पाणी

मंडळी, आज दुपारी सोलापूरबाहेरच्या त्या नव्या शहरात जाऊन आलो. आखीव रस्ते, हिरवळ, बंगले, मधोमध विद्यापीठ. इतकं स्वच्छ, की माणूससुद्धा डाग वाटावा.

विद्यापीठात त्यांनी एक नमुना गाव उभारलंय. खरं गाव उठवलं आणि त्याच जागेवर खोटं बांधलं. माझी मावशी तिथं कामाला आहे. काम काय, तर इरकल नेसून थंड चुलीपुढं बसायचं आणि कुणी बघायला आलं, की पिठाशिवायच भाकरी थापायची. चूल पेटवायला बंदी आहे, धुरानं भिंती काळ्या होतात ना.

मला बघून ती नियमच विसरली. "च्या घेतल्याबिगर जातूस व्हय? हितंच की आपलं घर हुतं!" म्हणत तिनं काटक्या पेटवल्या.

धूर दिसताच सुपरवायझर धावत आला आणि त्यानं बाटलीतलं पाणी चुलीत ओतलं. पेटत्या चुलीत पाणी आपल्याकडं वैरीही ओतत नाही.

बघायला आलेल्या पोरांना वाटलं, हा कार्यक्रमच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "किती ऑथेंटिक! मावशी, परत एकदा करा ना. व्हिडिओ राहिला."

व्हिडिओसाठी धूर चालणार होता.

मावशीनं माझ्याकडं बघितलं नाही. ओली राख हातानं बाजूला सारली, चूल पुन्हा पेटवली आणि सुपरवायझरला म्हणाली, "वता, सायेब."

तुमच्यातले बरेच जण तिथं प्लॉट बघतायत म्हणे. टाळ्या वाजवायला कधी निघताय?