डोलकाठीखालची चार माणसं

होडीचे किस्से सांग, असं कोणी म्हटलं की माझी पंचाईत होते. लोकांना वाटतं आता वादळ येणार, लाटा येणार. आमच्या होडीचा पाण्यातला एकही किस्सा सांगण्यासारखा नाही. पाण्यात गेलो की आम्ही चौघंही गप्प बसतो, वारा नेईल तिकडे जातो आणि जेवायच्या वेळेला परत येतो. किस्से सगळे जमिनीवरचे. होडी ट्रेलरवर, ट्रेलर अंगणात, आणि तिची डोलकाठी उभी करायची, एवढ्याच कामाचे. पण हे एवढंसं काम चार शहाण्या माणसांनी मिळून करायचं असतं, त्यामुळे साठा काही संपत नाही.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी सुजाता, दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो. नंदन देसाई दातांचा डॉक्टर, वाकडे दात तारांनी सरळ करणारा. साळवेकाका लिफ्टच्या कंपनीतून रिटायर झालेले. आम्ही तिघं चारकोपला एकाच सोसायटीत राहतो. चौथा पास्कल, गोराईचा. त्याच्या खाडीकाठच्या अंगणात होडी असते आणि अंगणाचा उतार थेट पाण्यात जातो, म्हणून तो चौथा. खूळ मूळचं साळवेकाकांचं. जालन्याकडचा माणूस, नोकरीला मुंबईत येईपर्यंत विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, नाहीतर जागा घेतात. यांनी सेकंडहँड शिडाची होडी शोधून काढली आणि आम्हाला त्यात ओढलं.

होडीचं नाव 'तारीख'. रविवारी निघायचं ठरतं आणि काहीतरी होऊन पुढच्या रविवारवर जातं, म्हणून नंदनने माझ्या कोर्टाची टिंगल करत ठेवलेलं नाव. ते चिकटलं.

* * *

पहिल्या रविवारी आम्ही चौघंही हुकूम देत होतो.

डोलकाठी ॲल्युमिनियमची, होडीपेक्षा लांब, होडीवर आडवी झोपलेली असते. तिचं बूड मधल्या बिजागरीत अडकवायचं. दोन्ही बाजूंच्या तारा आधी लावायच्या, म्हणजे ती डावी-उजवीकडे कलंडत नाही. मग एकाने होडीत उभं राहून मागून उचलायचं आणि दुसऱ्याने जमिनीवरून, पुढच्या टोकाच्या कप्पीतून आलेला दोर ओढायचा. काठी सरळ उभी राहिली की पुढची तार लावून पिन टाकायची. पिन पडेपर्यंत सगळा भार दोर धरणाऱ्याच्या हातात, आणि काठीखाली कोणाचं ना कोणाचं डोकं असतंच.

तर मी म्हणत होते डावीकडे, नंदन म्हणत होता वर, पास्कल म्हणत होता अरे माझं पपईचं झाड बघा. साळवेकाका दोर ओढत होते आणि तेही काहीतरी म्हणत होते. बाजूची एक तार लावायचीच राहिली होती, हे मात्र कोणीच म्हणत नव्हतं. डोलकाठी अर्धी उठली, मोकळ्या बाजूला झुकली आणि सावकाश पपईवर जाऊन निजली.

पास्कलची बायको लीना दारात आली. पडलेलं झाड बघितलं, आमच्याकडे बघितलं. "पिकलेल्या दोन होत्या, त्या घेऊन जा आता," म्हणाली आणि आत गेली.

परतीच्या फेरीबोटीत साळवेकाका मांडीवर पपई घेऊन बसले होते. मग म्हणाले, "लिफ्टच्या कामाला तोंड एकच असतं. आपल्याकडे चार होती."

तेव्हापासून अंगणात गेलो की पहिला प्रश्न, आज तोंड कोण? जो तोंड असेल तो हाताने काहीही करत नाही. तो एकटाच बोलतो, बाकीचे करतात. बाकीच्यांना एकच शब्द मोकळा आहे: थांब. तो कोणीही म्हणू शकतो. म्हटला की काठी खाली घ्यायची. का, असं काठी पूर्ण खाली टेकल्यावरच विचारायचं.

* * *

नंदन एकदा "काका, थांबा" म्हणाला. बाजूची तार कडीत अडकली होती. काठी खाली घेतली, तार सोडवली, सगळं ठीक झालं. पण साळवेकाका त्याच्यावर नाराज.

"थांबा नाही. थांब."

"काका, तुम्हाला कसं थांब म्हणू?"

"त्या शब्दापुरता मी कोणाचा काका नाही."

मग चहा घेताना त्यांनी कारण सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या टीममध्ये एक सीनिअर होते, कामात वाघ. एकदा त्यांचा हात कप्पीजवळ होता आणि लिफ्ट हलतेय हे खालच्या मदतनिसाने बघितलं. त्याने साहेब म्हटलं, मग जरा म्हटलं, मग घसा साफ केला. साहेबांना एकदम कसं थांबवायचं, हे त्याला कळेना. सीनिअरांची दोन बोटं गेली.

"त्याला दिसलं नव्हतं असं नाही," साळवेकाका म्हणाले. "त्याच्याने बोलवलं नाही."

नंदनने त्या दिवशी घरी जाईपर्यंत त्यांना तीन-चारदा थांब म्हणून दाखवलं. फेरीबोटीतून उतरताना, रिक्षात बसताना. ते प्रत्येक वेळी खरंच थांबले.

* * *

मात्र खरा थांब आला तो आमच्यापैकी कोणाचा नव्हताच.

शेजारच्या घरी लग्न होतं. पास्कल तोंड होता. मी होडीत उभी राहून काठी उचलत होते, नंदन बिजागरीपाशी. काठी निम्म्याच्या वर गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "थांब."

लीना. हातात लसूण.

पास्कल वैतागला. "अगं, तू यात कुठे?" पण साळवेकाका एव्हाना दोर सोडत होते, हळूहळू, हातावर हात घेत. काठी टेकली, तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं. मांडवाच्या रोषणाईसाठी रात्रीत कोणीतरी विजेची एक तार आमच्या माडावरून शेजारच्या माडाला नेली होती. करडी तार, मागे करडं आभाळ. आणखी थोडी वर गेली असती तर काठी तिला टेकली असती, आणि काठीला धरून मी होते.

पास्कल आत गेला आणि बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. लसूण सोलत होतो म्हणाला.

तेव्हापासून दुसरा रिवाज पडला. उचलण्याआधी तोंड विचारतं, "वर काय?" आणि बाकीच्यांनी मान वर करून, खरंच बघून, एकेकट्याने उत्तर द्यायचं, "आकाश." पहिले काही रविवार शाळेच्या प्रार्थनेसारखं वाटायचं, लाज वाटायची. आता नाही वाटत. आठवड्यात एकदा तरी मान वर करून वर काय आहे ते बघावं, हे मला त्याशिवाय सुचलं नसतं.

* * *

नंदनचा किस्सा सांगितला नाही तर तो रागावेल, आणि सांगितला तरी रागावेल.

डोलकाठी उभी राहिली की ती सरळ आहे का, हे बघून दोन्ही बाजूंच्या तारा ताणायच्या असतात. हे खातं नंदनचं. एक डोळा मिटून तो काठीकडे असा बघतो की तिने आ करावा. थोडं इकडे पिळायचं, थोडं तिकडे सोडायचं. "घाई नाही करायची," म्हणतो. "दाबून सरळ केलेला दात परत वाकडा होतो."

एका रविवारी त्याने सकाळ खर्च करून काठी अगदी सरळ केली. पाण्यात गेलो तर होडी एका अंगाला बरी चाले, दुसऱ्या अंगाला वळवली की रुसे. परत आल्यावर पास्कलने विचारलं, "तू सरळ कशावरून धरलंस?"

"तुझ्या घराच्या भिंतीवरून. मागे कोपरा दिसतो ना."

पास्कल म्हणाला, "ती भिंत माझ्या सासऱ्याने स्वतः बांधलीय. घरात आम्ही कपाटाच्या एका पायाखाली लाकूड ठेवतो."

आता नंदन भिंतीकडे पाठ करून उभा राहतो. शीड चढवायच्या दोरीचं टोक काठीच्या माथ्यावरून एकदा डाव्या काठाला आणि एकदा उजव्या काठाला आणून टेकवतो. दोन्हीकडे सारखं पोचलं की काठी मध्यावर. घराचा, जमिनीचा, झाडाचा काही संबंध नाही. होडी सरळ आहे की नाही, हे होडीलाच विचारायचं. ही अक्कल त्याला भिंतीने दिली, हे त्याला अजून मान्य नाही.

* * *

यानंतरचं मला तितकं हसत सांगता येत नाही.

थर्मासमधून चहा ओतायचं काम साळवेकाकांचं होतं. गेल्या पावसाळ्यानंतर होडी परत बाहेर काढली, तेव्हा चहा कपात कमी आणि थेपल्यांवर जास्त पडला. त्यांनी डावा हात खिशात घातला आणि म्हणाले, "थर्मासचं तोंड खराब झालंय." नंदनने लगेच मान डोलावली. पुढच्या रविवारी तो नवा थर्मास घेऊन आला. त्यातूनही चहा थेपल्यांवर पडला. मग चहा लीना ओतायला लागली.

हात डावा होता, आणि दोर दोन्ही हातांनी धरायचा असतो.

एकदा काठी वर जाताना एक वीतभर घसरली. घसरली आणि थांबली. नंदन तिच्या खाली होता. साळवेकाका म्हणाले, "हातमोजे जुने झाले." आम्ही काठी वर नेली, पिन टाकली, पाण्यात गेलो. त्या दिवशी होडीतली शांतता नेहमीची नव्हती.

मग आम्ही तिघं त्यांच्या नकळत भेटायला लागलो. नंदनच्या दवाखान्यात, पेशंट गेल्यावर. काकांना सांगायचं कोणी? पास्कल म्हणाला, "तू सांग, तुझ्याकडे रोज केसेस येतात." मी म्हटलं, मी फक्त लिहून घेते. नंदन म्हणाला, डॉक्टर म्हणून मी सांगायला हवं, पण मी दातांचा. दोर सोडा म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, हे तिघांनाही कळत होतं. होडी त्यांची नसेल, चौघांची असेल, पण ती जागा त्यांची होती. आणि काठीखालचं डोकं नंदनचं होतं, कधी माझं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन्ही एकदम बोलता येत नव्हत्या.

नंदनने हाताने फिरवायची विंच आणायचं सुचवलं, म्हणजे दोर कोणीच धरायला नको. साळवेकाका म्हणाले, "कशाला? मी आहे ना."

मग ठरलं की मी त्यांच्या मागे उभं राहून दोराचं सुटं टोक हातात ठेवायचं. न सांगता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मागे बघितलं. "सुजाता, तू इथे काय करतेयस?"

"सावलीत उभी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अंगणात पाहिलं. "सावली तिकडे आहे," म्हणाले आणि परत दोराकडे वळले. मला जा मात्र म्हणाले नाहीत.

* * *

हा अलीकडचा.

सकाळ स्वच्छ होती, खाडीवर वारा बेताचा. तोंड मी होते. तोंडाने हाताने काही करायचं नसतं, पण आमच्यात आता तेवढं चालायचं. मी काकांच्या मागे, दोराचं टोक मुठीत. नंदन होडीत, पास्कल पिन घेऊन पुढच्या टोकापाशी. लीना खिडकीत.

मी विचारलं, "वर काय?"

"आकाश," पास्कल म्हणाला. "आकाश," नंदन म्हणाला. साळवेकाकांनी मान वर केली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिले. "आकाश."

काठी उठली. नंदनच्या डोक्यावरून वर गेली, निम्म्यापर्यंत आली. दोर माझ्या मुठीतून अंगुळभर सरकत होता, थांबत होता, परत सरकत होता.

"थांब."

मी लीनाकडे बघितलं. ती आमच्याकडेच बघत होती, तिचं तोंड बंद होतं. शब्द नंदनचा नव्हता, पास्कलचाही नव्हता. आवाज माझ्या पुढून आला होता.

काठी खाली घेतली. हळूहळू, हातावर हात. भार त्यांच्या हातातून माझ्या हातात, माझ्या हातातून परत त्यांच्या. ती टेकली तेव्हा पास्कलने एकदा वर पाहिलं. तार नव्हती, पतंग नव्हता, काही नव्हतं. आता विचारायचं होतं. नियमच होता. कोणी विचारलं नाही.

साळवेकाकांनी हातमोजे काढले. डावा काढायला वेळ लागला. दोन्ही उलटे झाले होते, ते बोट बोट ओढून सरळ केले, एकावर एक ठेवले आणि माझ्या हातात दिले. मग ते बाजूला गेले, जिथून माथ्यापासून बुडापर्यंत सगळी काठी दिसते, तोंड जिथे उभं राहतं तिथे. हात मागे बांधले. घसा साफ केला.

"वर काय?"

आम्ही तिघांनी माना वर केल्या.